परावलंबित्व सिद्धांत

काही देशांचे दारिद्र्य हा विकासाचा आरंभबिंदू नसून जागतिक अर्थव्यवस्थेत त्यांच्या वाट्याला आलेल्या दुय्यम स्थानाचा परिणाम आहे, असे मानणारी विचारधारा. ती मुख्यतः १९६० च्या दशकात लॅटिन अमेरिकेत आकारास आली. प्रत्येक देश त्याच टप्प्यांनी पुढे जातो, असे मानून अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ डब्ल्यू. डब्ल्यू. रॉस्टो यांनी १९६० मध्ये मांडलेल्या विकासाच्या पाच अवस्थांना तिने छेद दिला.

तिचा पाया म्हणजे प्रेबिश-सिंगर गृहीतक : कच्चा माल विकणाऱ्या देशांच्या व्यापारशर्ती, म्हणजे निर्यातीच्या किमतींचे आयातीच्या किमतींशी असलेले प्रमाण, दीर्घकाळात घसरत जातात. श्रेय सामान्यतः अर्जेंटिनाचे राऊल प्रेबिश (१९०१–८६) यांना दिले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या लॅटिन अमेरिका आर्थिक आयोगाच्या हॅवाना अधिवेशनात १९४९ मध्ये त्यांचा निबंध सादर झाला. तथापि त्यातील आकडे हान्स सिंगर (१९१०–२००६) यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात केलेल्या, पण त्यांच्या नावाविना निघालेल्या अभ्यासातून घेतलेले होते. दोघांनी स्वतंत्रपणे शोध लावल्याची समजूत त्यामुळे फारशी टिकत नाही. घसरणीचे निरीक्षण आधी सिंगर यांचे, हे जॉन व रिचर्ड टॉय यांचे मत (२००३) अधिक ग्राह्य वाटते. कारणमीमांसा मात्र प्रत्येकाची वेगळी. प्रेबिश यांच्या मते तेजीत वाढलेली मजुरी औद्योगिक ‘केंद्रा’त संघटित कामगार मंदीतही उतरू देत नाहीत आणि भार कच्चा माल पुरवणाऱ्या ‘परिघा’वर पडतो. सिंगर यांचा भर मागणीवर होता : उत्पन्न वाढते त्या प्रमाणात अन्नधान्याची मागणी वाढत नाही.

प्रेबिश यांच्या कोष्टकात १८७६–८० साठी १०० असलेला कच्च्या मालाच्या व्यापारशर्तींचा निर्देशांक १९४६–४७ मध्ये ६८.७ वर येतो. हे आकडे मुळात ब्रिटनच्या व्यापाराचे, उलट बाजूने वाचलेले : ब्रिटनची आयात ती परिघाची निर्यात, असे धरून. अर्थशास्त्रज्ञ पी. टी. एल्सवर्थ यांनी १९५६ मध्ये नेमके येथेच बोट ठेवले. ब्रिटिश आयातीच्या किमतीत जहाजभाडे व विमा धरलेला असे, निर्यातीच्या किमतीत नसे. १९०५ पर्यंत भाडे बरेच उतरले. तेव्हा गहू ब्रिटिश बंदरात स्वस्त झाला, एवढ्यावरून तो पिकवणाऱ्याच्या हाती कमी पडले असे ठरत नाही. आक्षेप रास्त आहे, पण त्याने गृहीतक सौम्य होते, मोडत नाही : ग्रिली व यांग यांच्या १९८८ च्या मोजणीत १९००–८६ या काळात वर्षाला सुमारे अर्ध्या टक्क्याची घसरण दिसते.

आंद्रे गुंडर फ्रँक यांनी १९६६ मध्ये, विकास आणि अल्पविकास एकाच प्रक्रियेतून निपजतात, अशी टोकाची मांडणी केली. परावलंबी राहूनही काही प्रमाणात औद्योगिक विकास होतो, हे कार्दोसो व फालेत्तो यांचे प्रतिपादन (१९६९) वास्तवाला अधिक धरून आहे. दक्षिण कोरिया व तैवान यांचा अनुभव फ्रँक यांच्या चौकटीत बसवणे कठीणच. कार्दोसो पुढे ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष झाले. समीर अमीन यांनी हा विचार आफ्रिकेच्या संदर्भात विस्तारला.

धोरणात या विचाराने आयात-पर्यायीकरणाला, म्हणजे आयात होणारा माल देशातच बनवण्याला, बळ दिले. १९८२ च्या मेक्सिकोच्या कर्जसंकटानंतर ते मागे पडले. कच्च्या मालाच्या किमती सावरण्यासाठी १९७६ मध्ये नैरोबी येथे एकात्मिक वस्तू कार्यक्रम ठरला. त्याच्या सामाईक निधीचा करार १९८९ मध्ये अमलात आला. तोवर साठा करून भाव टिकवू पाहणारी आंतरराष्ट्रीय कथिल करारातील व्यवस्था १९८५ मध्येच कोसळली होती.