चणे असतात त्यांचेच दात टिकतात

‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण दातांच्या बाबतीत शब्दशः घेतली तर खोटी ठरते. ज्यांच्या घरात चणे असतात, म्हातारपणी त्यांच्याच तोंडात जास्त दात शिल्लक असतात. देशोदेशीच्या पाहण्यांत हेच दिसतं. आणि मामला नुसता गरीब-श्रीमंत असा दोन टोकांचा नाही. उत्पन्न आणि शिक्षण पायरीपायरीने वर गेलं की दात-हिरड्यांची अवस्थाही पायरीपायरीने सुधारते.

पण पैसा आणि शिक्षण यांचं काम एकच नाही. इंदूरच्या सराफ्यात रात्री उभं राहिलं तर ते चांगलं कळतं. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे मालपुवा, रबडी, जलेबी, थंडीत गराडू (तळलेला कंद). रामबागेतले प्राध्यापक आणि सियागंजातला हमाल एकाच गाडीवरची रबडी खातात. तोंडातले जिवाणू त्या साखरेचं आम्ल करतात, काही मिनिटांत पीएच (आम्लतेचं माप, कमी म्हणजे जास्त आम्ल) ५.५च्या खाली जातो आणि दातांवरच्या कवचातली खनिजं विरघळू लागतात. लाळ हे सावरते, पण तिला अर्धा-पाऊण तास लागतो. झोपेत तर लाळ जवळजवळ आटतेच. म्हणजे रबडी खाऊन थेट गादीवर पडणं सगळ्यात वाईट. सकाळी दात घासायला कुणाला शिकवावं लागत नाही. रात्रीचा ब्रश मात्र शिक्षणाने येतो.

ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचणंही शिक्षणानेच. पेस्टमध्ये फ्लोराइड किती आहे हे छापणं आपल्याकडे कायद्याने सक्तीचं आहे, मर्यादा १००० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत हजार. गंमत म्हणजे हल्ली शिकलेलीच माणसं ‘केमिकल नको’ म्हणून फ्लोराइड नसलेली महागडी पेस्ट हौसेने आणतात. दातांना कीड लागू नये म्हणून खात्रीचा म्हणावा असा घटक तोच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली फ्लोराइडची पेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली.

तंबाखूवरही शिक्षणाचा जोर चालतो. २०१६-१७च्या देशव्यापी पाहणीत २१.४ टक्के प्रौढ तंबाखू चघळणारे, लावणारे किंवा हुंगणारे निघाले आणि शिक्षण वाढतं तसा हा आकडा उतरत गेला. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२पासून बंदी आहे, तरी मशेरी सुटत नाही. ‘दात घासल्यासारखंच वाटत नाही गं तिच्याशिवाय,’ असं सांगणाऱ्या बायकांना तंबाखूचं व्यसन आहे असं स्वतःला कधी वाटतच नाही. मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ला गुटखा बंद केला, अन्नसुरक्षा कायद्याखाली देशात सर्वांत आधी. मग पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत येऊ लागली. कायदा बिचारा दोन पुड्यांच्या मध्ये उभा.

पैशाचं काम बेसिनपाशी फारसं नाही. ब्रश-पेस्ट तशी आवाक्यातली वस्तू. २२ सप्टेंबर २०२५पासून त्यांवरचा जीएसटीही १८वरून ५ टक्क्यांवर आला. पैसा बोलतो तो डेंटिस्टच्या खुर्चीवर. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत गेली की दोन रस्ते. रूट कॅनाल आणि वर कॅप, म्हणजे काही हजार रुपये आणि दोन-तीन खेपा. नाहीतर ‘काढून टाका’, एका बैठकीत मोकळं. दातांचे साधे उपचार बहुतेक आरोग्य विम्यांत बसत नाहीत. प्रत्येक खेपेला दिवसाची मजुरी बुडत असेल, तर दाढ काढून टाकण्यात अडाणीपणा कसला? तो सरळ हिशोब आहे. लोकमान्य नगरातली एमए-बीएड झालेली, खासगी शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवणारी बाई दोन्ही वेळा दात घासते आणि तरी दाढ काढून येते. उलट आठवीत शाळा सोडलेल्या शेठजींच्या खिशात दोन्ही पुड्या असतात आणि तोंडात इम्प्लांट, म्हणजे जबड्यात बसवलेले महागडे कृत्रिम दात.

म्हणून सगळं खापर सवयींवर फोडणं मला पटत नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीच्या आकड्यांवर संशोधकांनी सिगारेट, आहार, डेंटिस्टच्या भेटी, दातांवरचं कीटण हे सगळं हिशोबात धरून पाहिलं. उत्पन्न-शिक्षणामुळे पडणारी दरी कमी झाली, बुजली नाही. लहानपणची कुपोषित वर्षं, सततची ओढाताण, वेळेवर न मिळालेले उपचार यांचाही त्यात वाटा असावा.

इंदूर २०१७पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिलं आलं, ते भाषणांनी नव्हे. कचऱ्याची गाडी रोज दारात येऊ लागली, मग ओला-सुका वेगळा करायची सवय लागली. दातांसाठी स्वस्तातली सोय म्हणजे सरकारी डेंटल कॉलेज. तिथली ओपीडी दिवसा चालते, नेमकी हमालीच्या वेळात.