पार्श्वभूमी : इंग्रजीतला भविष्यकाळ आणि ‘काळ’ या शब्दाचा गुंता

सोलापुरात शिकवणीला येणाऱ्या मुलांच्या वह्यांत एक वाक्य हमखास सापडते : ‘व्हेन ही विल कम, आय विल टेल हिम.’ मुलाच्या मनातले मराठी स्वच्छ असते : ‘तो येईल तेव्हा मी त्याला सांगेन.’ दोन्हीकडे भविष्य, म्हणून दोन्हीकडे ‘विल’. इंग्रजीला मात्र पहिल्या भागात ‘कम्स’ हवे असते. लाल रेघ मारली की मूल विचारते, येणे तर पुढेच घडायचे आहे, मग वर्तमानकाळ कसा? प्रश्न रास्त आहे आणि त्याची मुळे बरीच जुनी आहेत.

जुन्या इंग्रजीत क्रियापदाला भविष्याचे वेगळे रूप नव्हतेच. उद्याचे बोलतानाही वर्तमानाचे रूप चालायचे, बाकीचे संदर्भावरून कळायचे. ‘विल’ म्हणजे इच्छा असणे आणि ‘शॅल’ म्हणजे देणे लागणे, बांधील असणे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस लॅटिन बायबल इंग्रजीत आणताना अडचण उभी राहिली. लॅटिनमध्ये भविष्याचे रूप प्रत्ययाने होते, आपल्या ‘जाईन, जाशील’सारखे. त्याला जोड म्हणून भाषांतरकारांनी बहुतेक ठिकाणी ‘शॅल’ बसवला. इंग्रजीला भविष्यकाळ असलाच पाहिजे ही अपेक्षा अशी शेजारच्या भाषेकडून आली.

पुढचा टप्पा 1653चा. एका इंग्रज गणितज्ञाने परदेशी लोकांना इंग्रजी शिकता यावी म्हणून लॅटिनमध्ये व्याकरण लिहिले. त्यात नियम घातला की ‘आय’ आणि ‘वी’बरोबर साधे भविष्य सांगायला ‘शॅल’ वापरावा. तिथे ‘विल’ आला तर ते वचन किंवा धमकी समजावी. द्वितीय आणि तृतीय पुरुषात याच्या नेमके उलट. परक्यांच्या सोयीसाठी केलेला हा नियम अठराव्या शतकातल्या व्याकरणांनी उचलला आणि इंग्रजांच्याच मुलांना पाठ करायला लावला. तिथून तो शालेय पुस्तकांबरोबर हिंदुस्थानात आला. ‘आय शॅल, वी शॅल, यू विल, ही विल’ ही घोकंपट्टी आपल्या आजोबांच्या पिढीने केली, अनेकांनी छडी खाऊन. 1925 साली एका अमेरिकन अभ्यासकाने इंग्लंड-अमेरिकेतल्या नाटकांचे संवाद तपासले, तेव्हा प्रत्यक्ष वापर या नियमाप्रमाणे चालत नसल्याचे दिसले. आज ‘शॅल’ मुख्यतः ‘शॅल वी गो?’ अशा विचारण्यात आणि करारमदारांच्या भाषेत उरला आहे. या एका नियमावर आपण फार वर्षे घालवली, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण खरा गुंता ‘काळ’ या शब्दात आहे. इंग्रजीत ‘टाइम’ वेगळा आणि ‘टेन्स’ वेगळा. पहिला घड्याळाचा, दुसरा क्रियापदाच्या रूपाचा. मराठीत शिकवताना दोन्हींना आपण ‘काळ’ म्हणतो. त्यामुळे ‘इंग्रजीत भविष्यकाळ नाही’ हे आधुनिक व्याकरणकारांचे विधान ऐकून माणूस गडबडतो. इंग्रज उद्याचे बोलत नाहीत की काय? ते रोज बोलतात. विधानाचा अर्थ एवढाच की इंग्रजी क्रियापद रूप बदलते ते दोनच काळांसाठी, ‘गो’ आणि ‘वेन्ट’. ‘विल’ हे ‘कॅन’, ‘मे’ यांच्या पंक्तीतले सहायक क्रियापद आहे. त्याचे स्वतःचे भूतकाळी रूप ‘वुड’, म्हणजे ‘विल’ स्वतः वर्तमानात उभे आहे. शिवाय ते दर वेळी भविष्य सांगतेच असे नाही. दारावरची बेल वाजली की इंग्रज म्हणतो, ‘दॅट विल बी द पोस्टमन.’ पोस्टमन आत्ताच दारात आहे; ‘विल’ फक्त अंदाज सांगते.

यावर कोणी म्हणेल, आपणही ‘पोस्टमन असेल’ म्हणतोच की. मग मराठीतही भविष्यकाळ नाही का? आक्षेप वजनदार आहे. मराठीत निदान ‘-ईन, -शील, -ईल’ असे प्रत्ययी रूप आहे, म्हणून रूपाच्या कसोटीवर मराठी उतरते. पण ते रूप केवळ वेळ सांगत नाही, हेही तितकेच खरे. आपल्या व्याकरणाला हे ठाऊक होते. म्हणूनच रूपाला ‘आख्यात’ असे वेगळे नाव देऊन ताख्यात, लाख्यात, ईलाख्यात असे गट त्याने पाडले. ‘त’, ‘ल’, ‘ईल’ या प्रत्ययांवरून नाव, अर्थ नंतर. ‘निघालो’ हे लाख्यात, मग ते काल निघालेल्याने म्हटलेले असो वा पायात चप्पल सरकवत ‘निघालोच’ म्हणणाऱ्याने. एवढी नेमकी संज्ञा घरात असताना इंग्रजी शिकवताना आपण ती वापरली नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते. तीन काळ आणि प्रत्येकाचे चार प्रकार असा बारा घरांचा तक्ता आला, त्यात चार घरे भविष्याला मिळाली आणि मुलांनी भविष्य दिसेल तिथे ‘विल’ भरायला सुरुवात केली.

सोलापुरात ही गोष्ट आणखी रंगते. पूर्व भागातल्या विणकर घरांत तेलुगू बोलली जाते. तिथे ‘रोजू वस्तानु’ म्हणजे रोज येतो आणि ‘रेपु वस्तानु’ म्हणजे उद्या येईन. रूप एकच. अक्कलकोटकडून येणाऱ्या मुलाच्या कन्नडमध्येही ‘बरुत्तेने’ याच दोन्ही कामांना चालते. म्हणजे भूतकाळ आणि भूतेतर (भूतकाळ सोडून बाकी सारे), ही इंग्रजीची मूळ विभागणी या मुलांच्या घरात आधीपासून आहे. वर्गात मात्र त्यांना मराठीच्या तीन काळांच्या साच्यातून इंग्रजीकडे नेले जाते. मधला हा वळसा गरजेचा आहे का, हे तपासायला आपल्या शहराइतकी चांगली जागा क्वचितच मिळेल.

‘गोइंग टू’ची वाटचाल सोपी आहे. आधी खरोखर कुठेतरी जाणे, मग काही करायला जाणे, आणि सतराव्या शतकापर्यंत पाय न हलवताही ‘करणार असणे’. आपले ‘पाऊस येणार’ आणि ‘पाऊस येईल’ शेजारी ठेवले की बराच फरक उमगतो : ढग दाटलेले दिसत असतील तर पहिले. ठरलेल्या भेटीला इंग्रजी चालू वर्तमान वापरते, जसे आपण ‘उद्या पुण्याला जातोय’ म्हणतो. वेळापत्रकाला साधा वर्तमान पुरतो : सिद्धेश्वर एक्स्प्रेस ‘लीव्ह्ज’, आपल्याकडे ‘सुटते’. दोन्ही भाषांत हे इतके सारखे असूनही जुन्या तक्त्यांत याला जागा नव्हती.

2000 सालच्या जूनपासून राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून सुरू झाली. पूर्वी ती पाचवीला भेटायची. तेव्हापासून मुले तक्त्याच्या आधी वाक्ये ऐकतात, ‘आय ॲम गोइंग टू’ त्यांच्या तोंडी सहज येते, आणि ‘शॅल’ कुठे गेला हे त्यांना विचारावेही लागत नाही. ‘व्हेन ही विल कम’ मात्र टिकून आहे, कारण ते तक्त्यासोबत मराठीतल्या ‘येईल तेव्हा’मधूनही येते. त्यावर मला एकच उपाय लागू पडलेला दिसतो. मी मुलांना ‘तो आला की सांगेन’ असे म्हणायला लावतो. ‘आला की’ म्हणताच पहिल्या भागातले भविष्य गळते आणि ‘विल’चा हात सुटतो. मग ‘आला’चे ‘केम’ होऊ नये, एवढीच राखण करावी लागते.