सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली, तर आकडे तेच राहतात का?

‘सीएसव्ही ही एक्सेलचीच फाइल, त्यात सेव्ह केली तरी काही बदलत नाही’ हा समज जुना आहे. फाइलवर चिन्हही एक्सेलचंच दिसतं, म्हणून तसं वाटणं साहजिक आहे.

पण सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर. एक्सेल तो उघडताना सहसा अंदाज बांधतं. आपल्या नागपूरचा एसटीडी कोड ०७१२ त्याला संख्या वाटते. शून्य गळतं, उरतं ७१२. सोळा अंकी क्रमांकाचं नुकसान जास्त वाईट. एक्सेल १५ अंकच जपतं, शेवटचा शून्य होतो आणि सेव्ह केल्यावर मूळ अंक परत मिळत नाही.

स्वतः पाहा: फाइलची प्रत काढा, ती एक्सेलमधून सेव्ह करा, मग दोन्ही व्हीएस कोड या मजकूर-संपादकात शेजारीशेजारी ताडून बघा. बदललेल्या ओळी रंगीत दिसतील. एक्सेलच हवं असेल, तर डेटा टॅबमधून फाइल आणताना असे क्रमांक असलेला रकाना ‘टेक्स्ट’ ठेवा.