मध्य बचावपटू, नवोदित (फुटबॉल)

स्वतःच्या गोलसमोर मध्यभागी खेळणाऱ्या तरुण बचावपटूची, पहिल्या व्यावसायिक करारापासून मुख्य संघात जागा पक्की होईपर्यंतची वर्षे. ढोबळमानाने वयाच्या सतराव्यापासून बाविसाव्या-तेविसाव्या वर्षापर्यंतचा हा काळ धरतात. आघाडीपटूच्या चुका झाकल्या जातात, बचावपटूची एक चूक थेट गोल ठरते. म्हणून प्रशिक्षक या जागी अननुभवी खेळाडू उतरवताना हात आखडता घेतात.

ही जागा कोणी निर्माण केली, याविषयी मतभेद आहेत. २–३–५ (दोन बचावपटू, तीन मधले खेळाडू, पाच आघाडीपटू) या जुन्या रचनेतील ‘सेंटर हाफ’, म्हणजे मधल्या तिघांतील मधला खेळाडू, मैदानाच्या मधोमध राहून चेंडू पुढे खेळवी. १९२५ मध्ये ऑफसाइडचा (प्रतिस्पर्ध्यांच्या फार पुढे उभे राहून चेंडू घेण्यास मनाई करणारा) नियम सैल झाला. आक्रमक आणि गोलरेषा यांच्यामध्ये तीनऐवजी दोन प्रतिस्पर्धी असणे पुरेसे ठरले. गोल भराभर वाढले आणि सेंटर हाफला मागे खेचणे भाग पडले. याचे श्रेय सहसा आर्सेनल या इंग्लिश क्लबचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांना दिले जाते. ३ ऑक्टोबर १९२५ रोजी न्यूकॅसलकडून ०–७ असा पराभव झाल्यावर आर्सेनलचे खेळाडू चार्ली बकन यांनी हा बदल सुचवला आणि पुढचाच सामना संघाने ४–० जिंकला, अशी हकीकत आहे. मात्र त्या पराभवाच्या सामन्यात न्यूकॅसलचा सेंटर हाफ चार्ली स्पेन्सर आधीच मागे राहून खेळत होता, असेही सांगतात. तेव्हा एकाच अडचणीवर अनेक संघांनी आपापला तोडगा काढला असावा आणि चॅपमन यांनी त्याला पद्धतीचे रूप दिले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. जागा बदलली तरी इंग्लंडमध्ये ‘सेंटर हाफ’ हे नाव टिकून राहिले.

नवोदिताची खरी परीक्षा बगलेवरून क्रॉस (गोलसमोर मारलेला चेंडू) येताना होते. तो चेंडूकडे टक लावतो आणि पाठीमागचा आघाडीपटू निसटतो. उपाय असा: शरीर अर्धवट तिरके ठेवावे, क्रॉस सुटण्यापूर्वी मान वळवून एकदा मागे पाहावे. समोरासमोरच्या झुंजीत वेगाने जवळ जावे, पण शेवटची तीन-चार पावले आखूड टाकावीत. नाहीतर तोल पुढे जातो आणि एका हुलकावणीत खेळाडू बाद होतो. प्रतिस्पर्ध्यांनी चेंडू मागे खेळवला की सारी बचावफळी एकदम वर सरकते. एकटा दोन पावले मागे रेंगाळला, तर ऑफसाइडचा सापळा (एकदम वर सरकून आघाडीपटूला ऑफसाइड ठरवण्याचा डाव) फसतो.

सामन्यांचा सराव मिळावा म्हणून क्लब अशा खेळाडूंना उसने (‘लोन’वर) देतात. जॉन टेरी २००० मध्ये चेल्सीकडून नॉटिंगहॅम फॉरेस्टकडे असाच गेला होता. दुसरी वाट म्हणजे आधी बगलेवर खेळवणे. पावलो माल्दिनी यांनी मिलानतर्फे जानेवारी १९८५ मध्ये सोळाव्या वर्षी पदार्पण केले, अनेक वर्षे फुलबॅक (बगलेवरचा बचावपटू) म्हणून काढली आणि पुढे ते मध्यभागी स्थिरावले. फ्रँको बारेसी मात्र सतराव्या वर्षी, एप्रिल १९७८ मध्ये, पदार्पण करून लवकरच मध्यभागी रुळले.

फिफाच्या नियमांनुसार अठरा वर्षांखालील खेळाडूचा व्यावसायिक करार जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो. पुढे करार चालू असताना तो दुसऱ्या देशातील क्लबकडे विकला गेला, तर हस्तांतर रकमेचे ५ टक्के, बाराव्या ते तेविसाव्या वर्षांदरम्यान त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात.