जुन्या मुतखड्याची न दिसणारी वाट : एका दुर्मिळ मूत्रपिंडविकाराची पार्श्वभूमी

मराठवाड्यात मुतखड्याला सहसा कोणी घाबरत नाही. कंबरेत कळ निघाली की हुलग्याचे कढण घ्यायचे, पानफुटीचे पान चावायचे, मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणायची आणि चार दिवसांत कळ थांबली की खडा पडला, असे घरातच ठरवून टाकायचे. कळ येते ती खडा मूत्रवाहिनीत सरकताना किंवा अडकताना. तो तिथेच कायमचा बसला आणि वरचे मूत्रपिंड हळूहळू निकामी होऊ लागले, तरीही कळ विरते. झँथोग्रॅन्युलोमॅटस पायलोनेफ्रायटिस या मूत्रपिंडाच्या दुर्मिळ विकारासारख्या पुढच्या गंभीर गुंतागुंतींची सुरुवात अनेकदा याच शांततेत झालेली असते.

काही खडे तर जंतुसंसर्गातूनच तयार होतात. प्रोटियससारखे जंतू लघवीतल्या युरियाचे अमोनियात रूपांतर करतात, लघवी अल्कधर्मी होते आणि मॅग्नेशियम, अमोनियम व फॉस्फेट यांचा खडा साचत साचत सांबराच्या शिंगासारखा मूत्रपिंडाच्या पोकळीत पसरतो. जंतू या खड्याच्या आतच वस्ती करून असल्यामुळे औषधाने ताप उतरतो आणि कोर्स संपला की पुन्हा चढतो. खडा शरीरात असेपर्यंत हा संसर्ग मुळापासून जात नाही.

अशा कोंडलेल्या, पू धरलेल्या मूत्रपिंडाचे एक वेगळे रूप श्लागेनहाउफर या रोगतज्ज्ञाने १९१६ मध्ये प्रथम नोंदवले, आणि १९३५ मध्ये ओबरलिंग यांनी त्याला झँथोग्रॅन्युलोमॅटस हे विशेषण दिले. ग्रीक भाषेत ‘झँथोस’ म्हणजे पिवळा. काढलेले मूत्रपिंड उभे चिरले की मध्ये खडा, भोवती पू आणि कडेने पिवळ्याधमक गाठी दिसतात. चरबीने फुगलेल्या संरक्षक पेशींमुळे हा रंग येतो. या गाठी कर्करोगाशी इतके साम्य दाखवतात की सीटी स्कॅन येण्यापूर्वी खरे निदान बहुधा शस्त्रक्रियेनंतर, सूक्ष्मदर्शकाखालीच होत असे. १९७८ मध्ये मालेक आणि एल्डर या डॉक्टरांनी या विकाराचे तीन टप्पे मांडले : रोग मूत्रपिंडापुरता असणे, भोवतालच्या चरबीत शिरणे आणि त्याही पलीकडे पसरणे.

तिसरा टप्पा डोळ्यांना दिसतो, पण ओळखू येत नाही. बरगडीखाली पाठीवर एक गळू येते, फुटते, वाहते, सुकल्यासारखे होते आणि पुन्हा वाहू लागते. घरचे हळद भरतात, दवाखान्यात पट्टी बदलली जाते, पण त्या छिद्राची वाट आत मूत्रपिंडापर्यंत गेलेली आहे, हे महिनोन्महिने कोणाच्या ध्यानात येत नाही. पू पाठीच्या कण्यालगतच्या सोअस स्नायूत उतरला, तर रुग्णाला मांडी सरळ करता येत नाही आणि तो वाकून चालतो. क्वचित ही वाट मोठ्या आतड्यात किंवा छातीतही उघडते. वर्षानुवर्षे खडा घासत राहिलेल्या अस्तरात क्वचित कर्करोगही उद्भवतो. इथवर पोहोचलेले मूत्रपिंड बहुतेक वेळा काढूनच टाकावे लागते.

मूत्रपिंड वाचवण्याचे मार्ग मात्र जुनेच आहेत. पाठीतून लहान छिद्र करून खडा काढण्याची पद्धत १९७६ मध्ये स्वीडनमध्ये आली, तर ध्वनिलहरींनी खडा फोडण्याचा पहिला उपचार १९८० मध्ये म्युनिचमध्ये झाला. म्हणून या गुंतागुंतींना केवळ दुर्मिळ म्हणणे मला अपुरे वाटते. त्या बहुतांशी उशिराच्या गुंतागुंती आहेत. बीडची ऊसतोड करणारी बाई फडात शौचालय नाही म्हणून दिवसभर पाणी कमी पिते, लघवी दाबून ठेवते, मजुरीपोटी आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत कोयता थांबवू शकत नाही आणि ताप अंगावर काढते. गंभीर शस्त्रक्रियांचा खर्च उचलणारी राज्याची जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा मराठवाड्यातून त्यात एकटे नांदेड होते. बीडसह उरलेल्या जिल्ह्यांपर्यंत ती नोव्हेंबर २०१३ मध्ये पोहोचली.