एसीचं बाहेरचं युनिट: जागा, जोडणी आणि बिघाडाचं मूळ

दीड टनाचा स्प्लिट एसी पूर्ण जोरात चालतो तेव्हा खोलीतून सुमारे ५.२ किलोवॅट उष्णता उपसतो. या कामाला तो दीड किलोवॅटच्या आसपास वीज घेतो, आणि त्या विजेचीही शेवटी उष्णताच होते. म्हणजे खिडकीबाहेर टांगलेल्या युनिटला साडेसहा-पावणेसात किलोवॅट उष्णता सतत हवेत सोडावी लागते. दोन किलोवॅटचे तीन गिझर एकदम लावले तर जेवढी होईल त्याहून थोडी जास्तच. एसी म्हणजे उष्णतेचा पंप. चक्र उलटं फिरवलं की हेच यंत्र थंड प्रदेशात घर गरम ठेवतं.

एसी घेताना आपलं लक्ष स्टार, टन आणि किंमत यांवर असतं. बाहेरचं युनिट कुठे आणि कसं बसवायचं हे मात्र बसवायला येणाऱ्या माणसावर सोडलेलं असतं. पुढची दहा वर्षं यंत्र सुखाने चालणार की दर उन्हाळ्यात गॅस मागणार, हे बहुतांशी त्या दोन तासांतच ठरतं. म्हणून ते काम ग्राहकाने समजून घ्यावं आणि समोर उभं राहून करून घ्यावं.

जागेची निवड

कंडेन्सरमध्ये, म्हणजे बाहेरच्या जाळीदार कॉइलमध्ये, गॅसचं तापमान भोवतालच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंश वर ठेवावं लागतं, तरच उष्णता बाहेर जाते. आतल्या कॉइलमध्ये गॅस ५ अंशांना उकळतोय आणि बाहेर ४५ अंशांना द्रव होतोय असं धरलं, तर एक युनिट विजेमागे सैद्धांतिक कमाल सुमारे ७ युनिट उष्णता उपसता येते. बाहेरचा आकडा ५५ झाला की हीच कमाल ५.६ वर येते. प्रत्यक्षातलं यंत्र या कमालीच्या बरंच खाली चालतं, पण घसरण साधारण त्याच प्रमाणात होते, म्हणजे पाचव्या हिश्शाची. आणि हे दहा अंश वाढायला नागपूरचा मे महिनाच लागतो असं नाही. युनिटसमोर भिंत आली की पुण्यातही ते वाढतात, कारण पंख्याने फेकलेली गरम हवा आपटून परत मागच्या बाजूने आत ओढली जाते.

मागे आणि हवा आत घेणाऱ्या बाजूला निदान ३० सेंमी, आणि पंख्यासमोर निदान ६० सेंमी, जमल्यास मीटरभर मोकळी जागा ठेवावी. नेमके आकडे यंत्राच्या पुस्तिकेत असतात, तेच शेवटचे मानावेत. नव्या टॉवरमध्ये युनिटसाठी अरुंद डक्ट सोडतात आणि तोंडाशी शोभेची लूव्हर्स लावतात. तिथे एकावर एक युनिटं बसली की खालच्यांची गरम हवा वर चढते आणि वरच्या मजल्यावरच्या एसीला ती श्वास म्हणून मिळते. अशा डक्टमध्ये लूव्हर्सच्या पट्ट्या शक्य तितक्या विरळ करून घ्याव्यात आणि युनिट तोंडाच्या अगदी लगत पुढे घ्यावं. लेबलवरची क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. चंद्रपूर, अकोला, जळगावकडे खोलीचा हिशेब करताना हे विसरून चालत नाही.

ब्रॅकेट हा दुसरा मुद्दा. दीड टनी युनिटचं वजन साधारण २५ ते ३५ किलो असतं, आणि त्यावर कॉम्प्रेसरची, म्हणजे गॅस दाबणाऱ्या पंपाची, अखंड थरथर. काँक्रीटमध्ये १० मिमी अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुलून बसणारा बोल्ट, उत्तम धरतो. पक्क्या विटेत तो मधोमध घ्यावा, सांध्यात नको. पण हल्लीच्या इमारतींत भिंती बऱ्याचदा हलक्या एएसी ब्लॉकच्या (सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या) असतात, आणि तिथे नेहमीचा फास्टनर फुलताना ब्लॉकचाच भुगा करतो. सुरुवातीला घट्ट वाटतो, वर्ष-दोन वर्षांत थरथरीने भोक मोठं होतं. अशा भिंतीत आरपार बोल्ट घालून आतून मोठी पट्टी लावावी किंवा युनिट बीमवर घ्यावं. पायांखाली रबराचे पॅड हवेतच. आणि छज्जावर उतरणाऱ्या माणसाच्या कमरेला पट्टा आणि त्या पट्ट्याचा दोर पक्क्या जागी बांधलेला असल्याशिवाय काम सुरू करू देऊ नये. घाई असली तरी नाही.

नळी, फ्लेअर आणि व्हॅक्यूम

दीड टनाला बहुधा दोन सुती आणि चार सुती, म्हणजे पाव आणि अर्धा इंची तांब्याच्या नळ्या लागतात. आर-३२ आणि आर-४१०ए हे गॅस जुन्या आर-२२ पेक्षा सुमारे दीडपट दाबावर चालतात, म्हणून नळीच्या पत्र्याची जाडी ०.८ मिमीपेक्षा कमी नको. स्वस्त किटमध्ये इथेच हात मारलेला असतो. नळी हातात घेऊन कापलेलं तोंड व्हर्नियरने मोजायला मिनिटही लागत नाही.

नळीचं टोक फुलवून नटखाली दाबणं म्हणजे फ्लेअर. गळतीच्या तक्रारींचं पहिलं संशयित ठिकाण हेच. कटरने कापल्यावर आतली कड रीमरने घासायची, आणि घासताना नळीचं तोंड खाली धरायचं, म्हणजे कीस आत पडत नाही. फुलवलेलं तोंड दोन सुतीला ९.१ आणि चार सुतीला १६.६ मिमीपर्यंत यावं. पृष्ठभाग आरशासारखा, कुठे चीर नाही, एका बाजूला कललेला नाही. त्यावर यंत्रात असतं त्याच जातीच्या तेलाचा थेंब लावून नट आधी हाताने फिरवावा आणि मग टॉर्क पान्याने आवळावा: पातळ नळीला १६ न्यूटन-मीटरच्या आसपास, जाडीला ५५ च्या. जोर लावून आवळलेला नट जास्त सुरक्षित वाटतो. प्रत्यक्षात त्याने फ्लेअर पातळ होतो आणि काही महिन्यांनी चिरतो.

यानंतर नायट्रोजनने दाब चाचणी. यंत्राच्या पाटीवर दिलेल्या मर्यादेत दाब भरून थांबायचं, सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावायचं आणि काटा हलतो का पाहायचं. नायट्रोजनच्या जागी ऑक्सिजन कधीही वापरायचा नाही, कारण दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आले की स्फोट होतो.

मग व्हॅक्यूम, म्हणजे नळ्यांतली हवा पंपाने उपसून काढणं. सगळ्यात जास्त वेळा वगळली जाणारी पायरी हीच. पंप आणायचाच नाही, युनिटमधला थोडा गॅस सोडून नळीतली हवा बाहेर फुंकायची आणि नट आवळायचा, अशी पद्धत सर्रास चालते. ती का चुकीची, हे आकड्यांत पाहू. चार मीटर नळ्या आणि आतली कॉइल मिळून दीड लिटरच्या आसपास जागा होते. ती हवेने भरलेली असते. गॅस कंडेन्सरमध्ये द्रव होतो, हवा होत नाही. जी हवा मागे राहते ती कंडेन्सरमध्ये अडकून जागा खाते, दाब वाढवते आणि कॉम्प्रेसर तापवते. राहिला ओलावा. जुलैत कोकणातल्या ३० अंशांच्या, ८५ टक्के आर्द्रतेच्या घनमीटरभर हवेत सुमारे २६ ग्रॅम वाफ असते. दीड लिटरचा हिशेब केला तर ती ग्रॅमच्या चार शतांश भागाएवढी, म्हणजे जेमतेम एक थेंब. तरीही हा थेंब नको, कारण आर-३२ सोबत सहसा येणारं एस्टर जातीचं तेल ओलावा शोषतं आणि त्यातून आम्ल तयार होतं. ते आम्ल मोटरच्या वायंडिंगचं इन्सुलेशन खातं. आणि तोंडाला टोपण न लावता नळी पावसात राहिली असेल तर मामला एका थेंबाचा राहत नाही.

पाणी नळीतून बाहेर काढायचा एकच सोपा मार्ग आहे: दाब इतका उतरवायचा की ते सामान्य तापमानालाच उकळून वाफ होईल. ३० अंशांना त्यासाठी दाब पाऱ्याच्या ३२ मिमीखाली यावा लागतो. पंपाने आपण ५०० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जातो. साध्या काट्याच्या गेजवर ५०० आणि ५,००० मायक्रॉन एकसारखेच दिसतात, म्हणून डिजिटल मायक्रॉन गेज लागतो. ५०० खाली गेल्यावर पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. आकडा थोडा चढून एका जागी स्थिरावला तर आत अजून ओलावा आहे, पंप पुन्हा चालवायचा. चढतच राहिला तर कुठेतरी गळती आहे. जागचा हलला नाही, तरच बाहेरच्या युनिटवरचे सर्व्हिस व्हॉल्व्ह अॅलन कीने उघडून युनिटमधला गॅस सोडायचा.

युनिटमध्ये आधीच भरलेला गॅस ठराविक लांबीपुरता असतो. त्यापुढच्या प्रत्येक मीटरला किती ग्रॅम घालायचे ते पुस्तिकेत दिलेलं असतं. पाव इंची द्रव नळीला २० ग्रॅमच्या आसपास. भरणं वजनकाट्यावर, अंदाजाने नाही. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, हवेपेक्षा जड आहे, म्हणून गॅस आत असताना नळीला ज्योत लावायची नाही. वेल्डिंग करावंच लागलं तर आतून नायट्रोजनचा मंद झोत चालू ठेवावा, नाहीतर तांब्यावर काळी पापडी धरते आणि ती पुढे सुटून एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे गॅसचा दाब उतरवणाऱ्या अरुंद वाटेत, अडकते.

विजेच्या बाजूला दीड टनासाठी सहसा ४ चौरस मिमी तांब्याची वायर आणि स्वतंत्र एमसीबी घेतात. आतल्या आणि बाहेरच्या युनिटमधली वायर सलग हवी, मध्ये टेपने गुंडाळलेला सांधा नको. दोन युनिटं एकमेकांशी बोलत नाहीत असा एरर पावसाळ्यात येतो, तेव्हा हा सांधा आधी शोधावा.

बिघाड कसा ओळखायचा

‘गॅस संपलाय’ हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकू येतं. गॅस हे इंधन नाही, तो खर्च होत नाही. बंद चक्रात तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. कमी झाला म्हणजे गळाला, आणि गळती न शोधता भरला म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा तेच बिल.

गेज लावण्याआधी नळ्यांकडे पाहावं. नेहमीच्या घरगुती स्प्लिटमध्ये गॅसचा दाब उतरवणारा भाग बाहेरच्या युनिटमध्येच असतो, म्हणून कूलिंगला दोन्ही नळ्या गार लागायला हव्यात. बाहेरच्या पातळ व्हॉल्व्हवर बर्फ आणि जाडी कोरडी, कोमट, असं असेल तर गॅस कमी असण्याची शक्यता मोठी. जाड नळीवरच कॉम्प्रेसरपर्यंत बर्फ चढलेला असेल तर गॅस बहुधा ठीक असतो; आतला फिल्टर किंवा कॉइल चोंदली आहे आणि उष्णता गॅसपर्यंत पोचतच नाही. इथे वरून गॅस भरला तर बिघाड वाढेल. आतल्या युनिटमध्ये शिरणारी आणि बाहेर पडणारी हवा यांच्यात ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर यंत्र आपलं काम करतंय. खोली थंड होत नसेल तर कारण उन्हात, फटीत किंवा कमी टनात शोधावं.

आर-३२ चा बंद यंत्रातला दाब ३० अंशांना २६५ पीएसआयच्या आसपास असतो. चालू असताना जाड नळीवर तो १२० ते १३५ दिसतो. मात्र इन्व्हर्टर कॉम्प्रेसर वेग बदलत राहतो आणि दाबही, त्यामुळे टेस्ट मोडमध्ये यंत्र पूर्ण वेगावर आणल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. भर दुपारी बंद पडतो आणि संध्याकाळी आपोआप नीट चालतो, अशी तक्रार असली की रोख कंडेन्सरकडे ठेवावा: धूळ, कबुतराचं घरटं, मंद झालेला पंखा. इन्व्हर्टरचं पॉवर मॉड्यूलही त्याच पंख्याच्या हवेवर थंड होतं, म्हणून कॉइल चोंदली की पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्डही, तापतं. कॉइल साध्या पाइपच्या पाण्याने आतून बाहेरच्या दिशेला धुवावी; जोराच्या प्रेशर पंपाने अॅल्युमिनियमची पातं आडवी होतात आणि हवा कायमची अडते.

बिनइन्व्हर्टर यंत्रात कॉम्प्रेसर गुणगुणतो पण उचलत नाही, तेव्हा आधी कपॅसिटर, म्हणजे मोटर सुरू व्हायला मदत करणारा भाग, मोजावा. छापील मायक्रोफॅरडपेक्षा दहा टक्क्यांहून कमी भरला तर बदलावा. कॉम्प्रेसर गेला असं त्याआधी कुणी सांगत असेल तर थांबवावं. इन्व्हर्टरच्या पीसीबीला वीज बंद केल्यावरही हात लावायचा नाही. २३० व्होल्टचं तिथे सव्वातीनशे व्होल्ट डीसी झालेलं असतं आणि मोठे कपॅसिटर ते काही मिनिटं धरून ठेवतात. मल्टिमीटरवर व्होल्टेज उतरलेलं दिसल्यावरच पुढे जावं. हे बोर्ड जळण्यामागे विजेच्या झटक्यांइतकाच पाली आणि मुंग्यांचा हात असतो. उबेला येऊन पाल दोन टर्मिनलच्या मध्ये अडकते. वायर आत शिरते ती भोकं सील केली की हा त्रास बराच टळतो.

मुंबई, कोकण, गोव्याच्या किनाऱ्यावर खारी हवा पातं आणि ब्रॅकेट खाते. लेप असलेली कॉइल घ्यावी आणि महिन्या-दोन महिन्यांनी गोड्या पाण्याने मीठ धुऊन टाकावं. शेजारी सांडपाण्याचा उघडा नाला असेल तर हायड्रोजन सल्फाइडने तांबं काळं पडून झिजतं. रंग, गोंद, प्लायवूड यांतून सुटणाऱ्या सेंद्रिय आम्लांची वाफ ओलाव्याबरोबर तांब्यात वारुळासारखी सूक्ष्म बिळं पाडते. ही गळती डोळ्यांना दिसत नाही. तेलाचा ओशट डाग तेवढा सापडतो.

जर्मनी, ब्रिटन, कॅनडात राहणाऱ्या मराठी घरांत हेच यंत्र हीटिंगला असतं. तिथे बाहेरची कॉइल थंड होते, शून्याच्या आसपासच्या दमट हवेत तिच्यावर बर्फ धरतो, आणि यंत्र अधूनमधून चक्र उलटवून तो वितळवतं. त्या वेळी निघणारी वाफ म्हणजे धूर नाही. युनिट जमिनीपासून ३० सेंमी किंवा बर्फ साचतो त्याहून उंच ठेवावं आणि वितळलेलं पाणी पायवाटेवर येऊन गोठणार नाही असा उतार द्यावा. चक्रात गॅस म्हणून प्रोपेन भरलेलं युनिट तळघराच्या खिडकीजवळ किंवा गटाराच्या तोंडाशी नको, कारण तो वायू जड असतो आणि खाली साचतो.

घर बदलताना एसी काढायचा तर नळ्यांतला गॅस बाहेरच्या युनिटमध्ये परत ओढून घ्यावा लागतो. याला पंप डाऊन म्हणतात. कूलिंग टेस्ट मोडवर चालवून आधी पातळ नळीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, जाड नळीवरचा गेज शून्याच्या जरा वर आला की दुसरा व्हॉल्व्ह बंद करून लगेच वीज तोडायची. काटा शून्याखाली जाऊ द्यायचा नाही. आणि आधीच गळून रिकाम्या झालेल्या यंत्राचा पंप डाऊन तर करायचाच नाही: नळ्यांतली हवा आणि तेलाची वाफ कॉम्प्रेसरमध्ये दाबली गेली की डिझेल इंजिनासारखी ठिणगीविना पेटते आणि कॉम्प्रेसर फुटतो. अशा यंत्रात उरलासुरला गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढून घ्यावा आणि मगच नट सोडावेत.