एका बातमीदाराच्या बीटात न मावणारी बातमी

३० मे २०२४ रोजी, ऐन नवतप्यात, नागपुरातल्या रामदासपेठेतील पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शेतातील स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवले. सोनेगावचे केंद्र ५४ दाखवत होते. त्याच दिवशी खापरी आणि रामटेकची केंद्रे मात्र ४४ अंशांच्या आसपास होती. तरी देशभर गाजले ते ५६. दोन केंद्रांच्या सेन्सरमध्ये बिघाड होता, हा हवामान खात्याचा खुलासा नंतर आला. चारही केंद्रांचे आकडे शेजारी ठेवून पाहिले असते तरी शंका आली असती. पण डेडलाइनच्या वेळी हे पाहायचे कोणी, सिटी डेस्कने, आरोग्याच्या बातमीदाराने की कृषी प्रतिनिधीने? हवामान बदलाची बातमी कोणा एकाच्या बीटात, म्हणजे नेमून दिलेल्या विषयक्षेत्रात, मावत नाही, ही तिची मूळ अडचण आहे आणि जगभरचे पत्रकार गेली पस्तीसेक वर्षे तिच्यावर एकत्र येऊन उत्तर शोधत आहेत.

१९८८ साली शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली, त्याच वर्षी आयपीसीसी ही हवामान बदलाचा आढावा घेणारी आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली आणि विषय पहिल्या पानावर आला. त्यानंतरची दीडेक दशके मात्र बरीचशी वाया गेली. ‘दोन्ही बाजू घ्या’ हे प्रत्येक बातमीदार पहिल्या आठवड्यात शिकतो. राजकारणाच्या बातमीत ते योग्यच आहे. पण इथे एका बाजूला जवळपास सगळे हवामानशास्त्र होते आणि दुसऱ्या बाजूला मूठभर शंकेखोर. १९८८ ते २००२ या काळातल्या अमेरिकेच्या बड्या दैनिकांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा निम्म्याहून अधिक बातम्यांनी दोघांना सारखेच वजन दिल्याचे दिसले. वाचकाचे यात मोठे नुकसान झाले, असे माझे स्पष्ट मत आहे.

अमेरिकेतल्या पर्यावरण पत्रकारांनी १९९० मध्येच आपली संघटना उभारली होती. भारतात अनिल अग्रवाल यांनी १९८० मध्ये सुरू केलेल्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ने हा विषय लावून धरला आणि १९९२ मध्ये ‘डाउन टू अर्थ’ हे पाक्षिक निघाले. २००४ मध्ये ‘अर्थ जर्नलिझम नेटवर्क’ हे पर्यावरण पत्रकारांचे आंतरराष्ट्रीय जाळे स्थापन झाले. संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या बाली हवामान परिषदेला विकसनशील देशांतले पत्रकार जाऊ शकले ते अशाच भागीदारीतून. त्याआधी आपल्यासारख्या देशांतल्या छोट्या वर्तमानपत्रांना अशा परिषदांची बातमी वृत्तसंस्थेच्या तारेवरूनच मिळायची. ७ डिसेंबर २००९ रोजी, कोपनहेगन परिषदेच्या पहिल्या दिवशी, ४५ देशांतल्या ५६ वर्तमानपत्रांनी २० भाषांत एकच अग्रलेख छापला. एरवी एकमेकांच्या बातम्या पाडण्यात रमणाऱ्या संपादकांनी एका मजकुरावर सही करणे, ही साधी गोष्ट नव्हती.

अग्रलेख एका दिवसाचा असतो, रोजच्या बातमीचे काय? २०१९ मध्ये ‘कोलंबिया जर्नलिझम रिव्ह्यू’ आणि ‘द नेशन’ यांनी ‘गार्डियन’च्या साथीने ‘कव्हरिंग क्लायमेट नाउ’ हा उपक्रम सुरू केला. त्या सप्टेंबरात, संयुक्त राष्ट्रांच्या हवामान शिखर परिषदेआधीच्या आठवड्यात, ३०० हून अधिक माध्यमांनी या विषयाला ठरवून जागा दिली. सहभागी माध्यमांना एकमेकांच्या अनेक बातम्या छापता येतात. ही पत्रकारिता नाही, चळवळ आहे, असा आक्षेप तेव्हाही होता. मला तो पटत नाही. काय छापायचे हे प्रत्येकाचा संपादकच ठरवतो. वाटून घेतले जाते ते ज्ञान आणि कष्ट.

शास्त्रज्ञांशीही असेच नाते जुळत गेले. ‘वर्ल्ड वेदर अॅट्रिब्यूशन’ हा गट एखाद्या उष्णतेच्या लाटेत हवामान बदलाचा वाटा किती, हे काही दिवसांत किंवा आठवड्यांत सांगतो. भारत-पाकिस्तानातल्या २०२२ च्या मार्च-एप्रिलमधल्या लाटेची शक्यता हवामान बदलामुळे सुमारे ३० पटींनी वाढली, असा त्यांचा निष्कर्ष होता. विषय ताजा असतानाच हा आकडा डेस्कवर आला. पूर्वी असे उत्तर यायचे तोवर लोक लाट विसरलेले असत. तिकडे पत्रकार पी. साईनाथ यांच्या ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळाने शेतकरी, मेंढपाळ, मच्छीमार यांच्या तोंडून बदलत्या हवेची मालिका केली आणि ती मराठीतही आणली.

नागपुरात यासाठी लागणारे जवळपास सगळे आहे. पर्यावरण संशोधन करणारी नीरी इथे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था इथे, प्रादेशिक हवामान केंद्र सोनेगावला. वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीचे मुख्यालय इथेच आणि कोराडी, खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रे हाकेच्या अंतरावर. पण कोळशाची बातमी अर्थ-पानावर, राखेची ग्रामीण पानावर आणि उन्हाची शहर पानावर लागते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी घराघरांत शिरली. तेव्हा पावसाची बातमी एकाची होती आणि नदीकाठच्या बांधकामांची दुसऱ्याची.

उष्माघाताचे पाहा. मे महिन्यात फुटपाथवर अनोळखी मृतदेह सापडतो. पोलीस ठाण्यात आकस्मिक मृत्यूची नोंद होते आणि ती क्राइम रिपोर्टरला मिळते. शवविच्छेदन मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत होते, ते आरोग्य बीटात येते. मृत्यू उष्माघाताचा की नाही, हा निर्णय पुढे समितीचा आणि तो येईपर्यंत पावसाळा लागलेला असतो. अहमदाबादने २०१० च्या जीवघेण्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, नागपूरचा २०१६ मध्ये आला. त्याचा कितपत उपयोग झाला हे तपासायचे तर या तिन्ही नोंदी तारखेनिशी, वॉर्डनिशी एकत्र लावाव्या लागतील. पोलीस ठाणी, रुग्णालये आणि महापालिकेचे झोन पाहता हे एका वर्तमानपत्राचे काम नाही. चार दैनिकांच्या बातमीदारांनी नोंदी वाटून घेतल्या आणि तक्ता सामाईक ठेवला, तर एका उन्हाळ्यात तो उभा राहू शकतो. त्यावरून बातमी मग ज्याने त्याने आपापली लिहावी.